गिरणीकडे उतरायचं

संपादकबाईंनी फोनवर बजावलं, "दिवाळी अंक आहे, काहीतरी प्रेरणादायी लिहा." मी म्हटलं, "बाई, माझ्याकडे चुका भरपूर आहेत. प्रेरणा नाही." त्या म्हणाल्या, "मग चुकाच लिहा, पण प्रेरणादायी लिहा." बाईमाणसाशी फोनवर वाद घालायची माझी प्राज्ञा नाही, म्हणून बसलोय.

कणकवलीच्या बाहेर, हायवेपासून आत, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांची शाळा आहे. तिथे मी आयुष्यभर खेळ शिकवले. मी लागलो तेव्हा पाटीवर 'मतिमंद' लिहिलेलं होतं. मग पाटी बदलली, पुन्हा बदलली, आता त्यावर काय आहे ते मला पाटी बघितल्याशिवाय सांगता येत नाही. छप्पर मात्र तेच आहे आणि गळतंही तिथेच.

या नोकरीत मला मुलांनी कधी दमवलं नाही. दमवलं ते बाहेरच्यांनी. न्हाव्याकडे बसावं, कोणाच्या लग्नाला जावं, प्रश्न ठरलेला.

"गुरुजी, तुमी शिकयतास काय?"

"खेळ."

"ता झाला. पण शिकयतास काय?"

सासूबाई तर शेवटपर्यंत पाहुण्यांना सांगत राहिल्या की जावई सरकारी शाळेत गणिताला आहे. मी एकदा दुरुस्ती केली, तर त्या म्हणाल्या, "असू द्या हो, त्यांना कुठे समजावत बसता."

आता एवढी पानं मिळाली आहेत तर समजावून टाकतो. ज्या मुलाला फळ्यावरचा चारचा आकडा म्हणजे नुसती वाकडीतिकडी रेघ वाटते, त्याला चार उड्या मारायला लावल्या की पायांना चार कळतात. पायांकडून ते हळूहळू वर सरकतात. 'आत' आणि 'बाहेर' हे शब्द सांगून कळत नाहीत. जुन्या टायरात उडी मारली की आत, टायरातून उडी मारली की बाहेर. 'आधी' आणि 'नंतर' दोरीखालून सरपटताना कळतं. सगळ्यांत अवघड शब्द 'थांब'. त्यासाठी पुतळ्याचा खेळ. धावायचं, शिट्टी झाली की पुतळा व्हायचं, दुसरी शिट्टी होईपर्यंत हलायचं नाही. काही मुलांना हा खेळ यायला दोन वर्षं लागतात. त्या दोन वर्षांत गुरुजींचा पुतळा होतो.

आणि एक गोष्ट, ती मी प्रत्येक नव्या शिक्षकाला पहिल्याच दिवशी सांगत आलो: या मुलांनी एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी आपोआप जात नाही. शाळेच्या टायरात 'आत' कळलं म्हणजे घराच्या आत कळलं असं समजू नका. हे वाक्य मी इतक्यांदा आणि इतक्या तोऱ्यात म्हटलंय की ते स्वतः ऐकायचं राहून गेलं. ते पुढे येईलच.

माझी सुरुवात कशी झाली तेही सांगतो, म्हणजे वाचकांच्या अपेक्षा जागेवर येतील. पहिलं आख्खं वर्ष मी मुलांना डावा-उजवा शिकवत होतो. समोर उभा राहायचो, उजवा हात वर करायचो आणि ओरडायचो, "उजवा!" सगळी पोरं डावा हात वर करायची. मी रोज त्यांचे हात धरून दुरुस्त करायचो, रोज रजिस्टरात 'प्रगती नाही' लिहायचो, रोज घरी जाऊन बायकोजवळ कपाळावर हात मारायचो. वर्ष संपताना आमच्या वर्गशिक्षिका नलिनीबाई व्हरांड्यातून म्हणाल्या, "सर, एक विचारू? तुम्ही त्यांच्याकडे तोंड करून उभे राहता ना?"

"मग काय पाठ करू?"

"हो."

मी पाठ केली, उजवा हात वर केला आणि मान वळवून बघितलं. एकूण एक उजवा हात वर. मुलं बिचारी वर्षभर आरशासारखं बिनचूक करत होती. प्रगती नव्हती ती कोणाची, हे नलिनीबाईंनी त्यांच्या स्वभावाप्रमाणे तोंडाने सांगितलं नाही. फक्त रजिस्टर माझ्यासमोर उघडून ठेवलं.

तर अशा माणसाच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षात सानिका आली.

म्हणजे शाळेत ती आधीपासूनच होती. तेरा-चौदा वर्षांची, अंगाने थोराड, बोलायला कमी. 'दी', 'नको', 'गिरन' असे मोजके शब्द. मालवणच्या दिशेने जाणाऱ्या रस्त्यावर एसटीने अर्ध्या तासावर त्यांची वाडी. तिथे भाताची गिरण आहे, तिच्यासमोर थांबा. वडील ट्रॉलरवर, आठ-आठ महिने तिकडेच. आई, शालन, सकाळी सानिकाला शाळेत सोडायची, तशीच काजूच्या कारखान्यात जायची आणि चारला परत घ्यायला यायची. गणपती झाल्यावर एक दिवस ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"गुरुजी, आमची पाळी बदलली. सकाळचा जमतला, पण आता चारांक सुटूक गावणा नाय. सहा वाजतत."

"मग सानिकाला न्यायला कोण?"

"कोण नाय. म्हणान तर इलंय. दिवाळीपातूर कायव करून येतंय, शेजारणीक पाठवतंय. मगे चेडवाक घरातच ठेवतंय."

"घरात कोणाजवळ?"

"कडी घालून जातलंय."

रागाने नाही, रडून नाही. भाजी काय केली ते सांगावं तसं. एवढी धडधाकट मुलगी, सकाळपासून सहा वाजेपर्यंत बाहेरून कडी. आणि ही आई काही निष्ठुर नव्हती. मला तिचा राग यायला हवा होता, पण राग करायला तिने जागाच ठेवली नव्हती. मग मी नेहमी करतो तेच केलं. छाती पुढे काढली.

"तुम्ही येईपर्यंत शेजारणीजवळ राहील. दिवाळीपर्यंत मी हिला एकटीला एसटीने घरी जायला शिकवतो."

नलिनीबाई मागे हजेरी लिहीत होत्या. त्यांचं पेन थांबलेलं मला ऐकू आलं.

दुसऱ्या दिवसापासून अंगणात एसटी सुरू झाली. बाकं एकामागे एक, पुढे ड्रायव्हर म्हणून आमचा शिपाई, कंडक्टर मी. खडूने तीन थांबे आखले. शाळेसमोर चढलं की पहिला थांबा तिठा, दुसरा हायस्कूल, तिसरा गिरण. टिंग एकदा म्हणजे गाडी थांबली, टिंग-टिंग म्हणजे निघाली. सानिकाने तीन बोटं मोजायची. एक, दोन, तीन, उठ, दांडा धर, उतर. उतरल्यावर खडूच्या गोलात दोन्ही पाय जुळवून उभं राहायचं. मी शिट्टी मारली की रस्ता ओलांडायचा. शेवटचा भाग जुन्या पुतळ्याच्या खेळातलाच होता, तो तिला आधीपासून पक्का येत होता.

दोन आठवड्यांत ती चुकायची थांबली. तिसऱ्या आठवड्यात ती मला ओरडायला लागली. मी दुसऱ्या थांब्यावर मुद्दाम "चला उतरा" म्हटलं की ती दोन बोटं माझ्या नाकासमोर नाचवायची. "नको! दी!" तिचं 'दी' म्हणजे दोन. मी इतका खूश झालो की तालुक्याच्या साहेबांना बोलावून खेळ दाखवला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, चहा घेतला आणि विचारलं, "छान. पण अभ्यास कधी घेता?"

मग खरी चाचणी. मी मोठ्या थाटात आखणी केली. चारच्या गाडीत सानिकाला बसवायचं, कंडक्टरबाईंच्या कानावर घालायचं की मुलीला काही सांगू नका, तिचं ती उतरेल. आणि मी मोटारसायकलवरून पुढे जाऊन गिरणीजवळ शालनबरोबर उभा. शालनने त्या दिवशी रजा काढली होती. माझ्या पिशवीत पेढे होते. पेढे! आठवलं की अजून दात आंबतात.

गाडी आली. थांबली. दोन म्हातारे उतरले, तांदळाची एक पिशवी उतरली. गाडी निघाली.

"माजा चेडू खंय आसा?" शालन म्हणाली.

मी गाडीमागे धावलो, पन्नाशी कधीच ओलांडलेला माणूस, हातात पेढ्यांची पिशवी. कंडक्टरबाईंनी दारातून वाकून सांगितलं, "ती मघाशीच उतरली की हो गुरुजी! काजूच्या बागेकडे. तुम्ही म्हणालात ना, मुलीला काही सांगू नका!"

मी म्हणालो होतो.

काय झालं असेल ते मला मोटारसायकलला किक मारता मारताच कळलं. कोकणात जन्म घालवलेल्या माणसाला ते आधीच कळायला हवं होतं. आमच्याकडे एसटी थांब्यावर थांबते, तशी कोणी हात केला की तिथेही थांबते. बाजारातून परतणारी बाई माशांची टोपली घेऊन रस्त्यात उभी, थांबते. कोणी म्हणाला "माका हय उतरव रे", थांबते. त्या दिवशी तिठ्याच्या आधी एक हात, तिठा, मग लगेच एक टोपली. एक, दोन, तीन. सानिकाने बोटं मोजली, उठली, दांडा धरला, उतरली. एकही चूक नाही. जे शिकवलं ते अगदी मन लावून केलं. गाडीतल्या कोणीतरी म्हणे विचारलंही, "अगो बाय, हय खंय उतरतंस?" तिने त्याला तीन बोटं दाखवली.

शालन माझ्या मागे बसली होती. हायवेकडे जाणाऱ्या डंपरांचे भोंगे वाजत होते आणि प्रत्येक भोंग्याला माझ्या पाठीवरची तिची मूठ आवळत होती.

सानिका सापडली. काजूच्या बागेसमोर, रस्त्याच्या कडेला, पाय जुळवून, ताठ उभी. खडूचा गोल तिथे नव्हता, पण ती होती तशीच. मी येऊन शिट्टी मारायची वाट बघत ती पाऊण तास उन्हात पुतळा होऊन उभी होती. घामाने फ्रॉक भिजला होता. मला बघून ती हसली आणि तीन बोटं दाखवली.

मी खिसे चाचपले. शिट्टी शाळेत राहिली होती.

शेवटी तोंडाने वाजवली. नुसता वारा निघाला. तेवढ्यानेही ती हलली. शालनने तिला पोटाशी धरलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमचो खेळ झालो गुरुजी, माजो जीव गेलो. बास झाला आता." पिशवी तिथेच दगडावर राहिली. पेढे मुंग्यांनी खाल्ले असतील.

दुसऱ्या दिवशी मी नलिनीबाईंसमोर बसलो. मला वाटलं त्या धीर देतील. इतकी वर्षं एकत्र काम करूनही मला असं वाटू शकतं, हे माझं आणखी एक वैशिष्ट्य.

"सर, तुम्ही तिला तीन शिकवलेत. घर कुठे शिकवलंत?"

"मोजता येणं ही काही लहान गोष्ट..."

"नव्या शिक्षकांना पहिल्या दिवशी काय सांगता तुम्ही?"

मी ते वाक्य म्हटलं. अर्ध्यावर थांबलो.

"पुरं करा ना," त्या म्हणाल्या. आणि हजेरी लिहायला लागल्या.

दिवाळीला महिना उरला होता. शालन माझ्याशी बोलत नव्हती. ती सानिकाला न्यायला यायची तेव्हा मी बाथरूमकडे निघून जायचो. तिसऱ्या दिवशी धीर केला आणि त्यांच्याबरोबर चारच्या गाडीत चढलो. काय करायचं ते ठरलेलं नव्हतं. त्यांच्या मागच्या बाकावर बसलो आणि दुसरं काही सुचेना म्हणून सानिकाच्या डोक्याकडे बघत राहिलो.

एसटीत मला गाडी लागते, हे सांगायचं राहिलं. त्यामुळे मी वळणांची धास्ती घेऊन बसतो. व्हाळावरचा, म्हणजे ओढ्यावरचा, पूल लागला, फळ्यांवरून जावं तशी गाडी धडधडली. मी पुढचा दांडा घट्ट धरला, कारण आता डावीकडे मोठं वळण येणार. आणि समोरची सानिका डावीकडे कलली. गाडी वळायच्या आधी. आई नाही, बाकीचं कोणी नाही, ती एकटीच. मग गाडी वळली आणि बाकीची गाडी कलली. पुढे चढण. चढण सुरू व्हायच्या आधीच तिने पाठ बाकाला टेकवली. चढण संपली तशी ती पुढे सरकली आणि दांड्याला हात लावला. समोर गिरण.

इतक्या वर्षांच्या येण्याजाण्याने तिच्या अंगाला आख्खा रस्ता पाठ झाला होता. आणि मी तिला बोटं मोजायला लावत होतो! पायांकडून वर जातं म्हणून जगाला सांगणारा मी. ओरडावंसं वाटलं. पण तोंड उघडलं ते खिडकीबाहेर. कंडक्टरबाईंनी पाण्याची बाटली पुढे केली. "गुरुजी, खिशात लिंबू ठेवत जा. मुलगी बघा कशी मजेत बसलीय."

मग अंगणातली एसटी मी मोडली. थांबे पुसले, घंटी कपाटात टाकली. जमिनीवर फळ्या टाकल्या, त्यांच्यावरून धडधड नाचायचं, तो पूल. मग डावीकडे कलायचं. मग व्हरांड्याच्या उतारावरून पाठ मागे टेकत टेकत चढायचं. वर पोचलं की उठ, दांडा धर. मध्ये मी कितीही वेळा "थांबली, थांबली, उतरा!" म्हणून बोंब मारली तरी पूल, कल आणि चढ झाल्याशिवाय उठायचं नाही. चार दिवसांत तिने ते उचललं. शिकायचं काही नव्हतंच. जे तिला येत होतं त्यावर उठायचं तेवढं जोडायचं होतं. रस्ता ओलांडायला शिट्टी काढून टाकली. त्याला मात्र वेळ लागला. दोन्हीकडे मान वळवायची आणि गाडी दिसली तर पुतळा. रोज चारच्या गाडीने मी तिच्या मागे, खिशात लिंबू, गिरणीसमोर रस्ता ओलांडून परतीच्या गाडीची वाट बघत. शालन हे सगळं बघत होती आणि बोलत नव्हती.

दिवाळीच्या आधीच्या शुक्रवारी ती बोलली.

"गुरुजी, एकदा बघूया. पण तुमी येव नकात."

"मी मागे लपून..."

"तुमी इलास काय कायतरी घोळ होता. मी तिठ्यार चढतंय, तोंड झाकून मागसून बसतंय. तुमी हयच रवा."

एका बाईने माझ्या आख्ख्या नोकरीचा गोषवारा दोन वाक्यांत दिला होता. मी सानिकाला चारच्या गाडीत चढवलं. ती खिडकीशी बसली आणि तिने माझ्याकडे बघितलंही नाही. मी शाळेच्या पायरीवर येऊन बसलो. साडेचार झाले. नलिनीबाई घरी जायच्या वेळेला गेल्या नाहीत. उगाच कपाटं आवरत राहिल्या. एकदा बाहेर येऊन म्हणाल्या, "फोन हातात धरून तो लवकर वाजत नाही, सर." आणि स्वतः शेजारी बसल्या.

पावणेपाचला वाजला.

"उतरला," शालन म्हणाली.

"कुठे?"

"खंय म्हणजे? गिरणीकडे. मदी गाडी पाच वेळा थांबली. उठाक नाय. माका वाटला आता उठता, आता उठता. नाय उठाक."

नलिनीबाईंनी फोनला कान लावला होता.

"आणि रस्ता?" मी विचारलं.

पलीकडून तिचा आवाज आला. आनंदाचा आहे की तक्रारीचा, मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही.

"उतरान उभा रवला. इकडे बघितल्यान, तिकडे बघितल्यान. एक टेंपो होतो, तो जावक दिल्यान. माका धीर धरवलो नाय, मी मागसून धावत गेलंय, हात धरूक. तर झिडकारल्यान गुरुजी. 'नको' म्हणाला. आणि एकटाच गेला पलीकडे. मागे वळान बघूक पण नाय."

"बरं झालं की! तेच तर शिकवत होतो."

"बरां झाला ता माका कळता हो," ती चिडून म्हणाली. "पण तेरा वर्सां धरलंय. आता ह्यो हात मी खंय ठेवू, ता सांगा."

मला चाळीसेक खेळ येतात. मी फोन नलिनीबाईंच्या हातात दिला.